थोरली लेन्स आणि तिचे वाटेकरी

मी, खाली सही करणारी, एका क्रीडा-छायाचित्रकाराची विधवा, दोन मुलांची आई, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल मात्र दाखला द्यायला त्यांनी नकार दिला. मला कोणी धाक घातलेला नाही की भूल दिलेली नाही. मुलगा मध्यंतरी फार गोड बोलून गेला, पण गोड बोलण्याला कायदा दबाव म्हणत नाही, असे वकिलांनी सांगितले.

वकिलांनी आधी स्वतःच एक मसुदा करून दिला होता. त्यात 'सदरहू' पुष्कळ होते, मी कुठेच नव्हते. म्हणून कागद परत घेतला आणि स्वतः लिहायला बसले. मला शाळा फारशी मिळाली नाही. वाचायला शिकले ती वर्तमानपत्रातल्या फोटोंखालच्या ओळींवर, कारण त्या ओळीच्या शेवटी आमच्या घरातले नाव असायचे आणि ते नीट छापले आहे का हे बघायचे काम माझ्याकडे होते. पुढे फोटोखालून बातमीत शिरले, बातमीतून पुस्तकात, आणि मग बाहेर आलेच नाही.

वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात इतकं बोलत नाहीत हो."

"मग कुठे बोलू? नंतर मला सवड नाही."

तेव्हा त्यांनी निदान कलमांना आकडे घाला एवढीच विनंती केली. ती मान्य केली आहे.

माझे पती वारले आहेत. पुढे त्यांचा उल्लेख 'हे' असा येईल. लग्नापासून दुसऱ्या कशाने मी त्यांना हाक मारली नाही, आणि आता ओ येत नाही म्हणून नवीन नाव काढण्यात अर्थ नाही.

'थोरली' म्हणजे ह्यांची मोठी लेन्स. मी लग्न करून आले तेव्हा ती या घरात आधीच नांदत होती, म्हणून ती थोरली आणि मी धाकटी. आमचे कधी भांडण झाले नाही. तिने उलट उत्तर दिले नाही आणि मला विचारले कोणी नाही.

हा कागद आत्ताच का, तेही सांगते. मुलगी वडिलांच्याच धंद्यात आहे. मैदानाच्या रेषेला टेकून बसते आणि हॉकीचे फोटो काढते. थोरली माझ्या ताब्यात आहे. मुलगी सामन्याच्या दिवशी ती नेते आणि संध्याकाळी परत आणून ठेवते. मागच्या महिन्यात आली ती वाकडी चालत. पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, चेंडूएवढा काळानिळा डाग. मी बर्फ लावायला बसले.

"सरकली का नाहीस गं?"

"सरकले असते तर लेन्सला बसला असता ना." आणि मग, परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखी म्हणाली, "आई, थोरलीला ओरखडासुद्धा नाही!"

बर्फाचा फडका माझ्या हातातच राहिला. हे वाक्य मी या घरात आधी ऐकलेले आहे. ते म्हणणारा माणूस आता भिंतीवरच्या फोटोत आहे. तेव्हा कोणाला काय मिळते हा या कागदाचा मुख्य विषय नाही. माझी मुलगी एका काचेपायी जाऊ नये, हा आहे. बाकीची कलमे रीत म्हणून.

कलम १. घर. ते दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. मोजायला गवंडी आणू नये, भिंती हलतात.

आतल्या खोलीतले भिंतीतले कपाट ही या घरातली एकमेव कोरडी जागा. तिथे थोरली राहते. ओलीने लेन्सच्या आत बुरशी धरते, म्हणून कपाटात एक बल्ब कायम जळत असतो. आम्ही चौघे मात्र शेजारच्या ओल्या भिंतीला पाठ लावून झोपलो. मुलाची सर्दी काही केल्या जाईना, तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "घरात एखादी कोरडी जागा नाही का?"

"आहे," हे म्हणाले, "पण तिथे कोणीतरी आहे."

डॉक्टर समजले की म्हातारी आई असेल. ह्यांनी तो गैरसमज दूर केला नाही. यापुढे त्या कपाटात अंथरुणे ठेवावीत. बल्ब काढू नये, अंथरुणांनाही ऊब आवडते.

कलम २. बँकेत जे काही असेल ते दोघांत सारखे. त्यावर विनोद करण्याइतकीही रक्कम नाही.

कलम ३. शिवणयंत्र सूनबाईला. कारण तिने मला सरळ विचारले, "आई, तुमच्यामागे मशीन मी घेऊ का? मला पडदे शिवायचेत." बाकीचे सगळे आधी माझ्या तब्येतीची चौकशी करतात आणि मग कपाटाकडे बघतात.

या यंत्रावर मी मोडक्या छत्र्यांच्या कापडाचे लेन्ससाठी अंगरखे शिवले. दोन्ही टोकांना नाडी, वरच्या अंगाला बघायला खिडकी, खालून हात घालायला बाही. चिखल उडो, पाणी उडो, आत थेंब जात नसे. गावोगावचे फोटोवाले माप द्यायला यायचे. लेन्सचे माप मी फितीने घेत असे, ह्यांच्या शर्टाचे नजरेने. ह्यांच्यासाठी पाठीला जाड अस्तर लावलेले जाकीट शिवायचे फार मनात होते. म्हणाले, "त्यात हात वळत नाहीत. आणि मला कशाला? मी काय काचेचा आहे?"

तसेच जाकीट मी यंदा मुलीला शिवून दिले. ते तिला पसंत पडले. थोरलीला त्यातच गुंडाळून नेते.

कलम ४. पत्र्याचा डबा, आतल्या फुटक्या काचांसह, मुलाला.

कोणाला माहीत नसेल तर सांगते. लेन्सच्या तोंडावर एक साधी गोल काच फिरकीने बसवतात. मोटरसायकलींच्या शर्यतीत खडे उडतात, कुस्तीत घाम उडतो, घोडे पळतात तेव्हा काय काय उडते ते इथे लिहीत नाही. जे उडेल ते या साध्या काचेने सोसायचे, महागाची काच मागे सुरक्षित. तडकली की हे ती काढून डब्यात टाकायचे आणि दुसरी बसवायचे. कोणती कुठे फुटली हे त्यांना तोंडपाठ होते. "ही गोळाफेकीची," म्हणायचे, "ही त्या डाव्या पायाच्या पोराची." दर सामन्यात कोणीतरी पुढे उभे राहून मार खातो आणि फोटो दुसऱ्याच्या नावावर छापून येतो, हे मी त्या डब्यावरूनच शिकले.

मुलाला खरे तर थोरली हवी होती. त्याच्या बैठकीत काचेचे कपाट आहे, आत दिवे आहेत, आणि मधला खण मोकळा आहे.

"आई, विकायची नाही गं. बाबांची आठवण म्हणून ठेवीन."

"आठवण पाहिजे तर त्यांच्या चपला ने. त्या बाबांनी रोज वापरल्या."

"चपला कोणी शोकेसमध्ये ठेवतं का?"

"मग आठवण नको, वस्तू पाहिजे म्हण."

तो रागावून गेला आणि संध्याकाळी माझी गुडघ्याची गोळी घेऊन आला. मुलगा वाईट नाही. वडिलांनी त्याच्याकडे कधी लेन्सकडे पाहिले तसे पाहिले नाही, आणि आता तीच लेन्स घरात आणून दिव्याखाली ठेवली की काहीतरी भरून निघेल असे त्याला वाटते. नाही भरून निघत, बाळा. मी सांगते. तू हा डबा त्या मधल्या खणात ठेव. खरा मार खाल्लेल्यांना दिव्याखाली बसायचा मान पहिला.

कलम ५. एक पुरुषी कोट, राखाडी, धुऊन इस्त्री केलेला. हा क्रीडा मंडळाच्या चिटणीसांचा त्यांना परत.

हा कोट माझ्याकडे कसा आला याची नोंद राहावी. त्या दिवशी हॉकीच्या मैदानावर नुकतेच पाणी मारले होते. प्रमुख पाहुण्यांचे सोफे मावावेत म्हणून फोटोवाल्यांना पार रेषेपर्यंत पुढे ढकलले होते. चेंडू उसळून आला. ह्यांना तो दिसला नाही असे कोणी म्हणू नये; ज्या माणसाने आयुष्यभर चेंडूशिवाय काही बघितले नाही, त्याला तेवढाच एक कसा दिसणार नाही? आडवे पडले असते तर वरून गेला असता. पण ह्यांनी थोरलीला पोटाशी घेतले आणि पाठ फिरवली. कानामागे बसला.

इस्पितळात, बाहेरच्या बाकावर, चिटणीस माझ्याजवळ आले. हातात बाळ धरावे तसे गाठोडे.

"वहिनी, धीर धरा. लेन्स अगदी सुखरूप आहे. मी माझा स्वतःचा कोट घातला तिच्यावर."

"आणि ह्यांच्यावर?"

"त्यांच्यावर..." ते म्हणाले, "स्ट्रेचर येतच होतं."

म्हणजे हे ओल्या गवतावर आणि कोट लेन्सच्या अंगावर. चिटणीस दुष्ट नाहीत. त्यांनी तेच केले जे ह्यांनी स्वतः केले असते, आणि हीच तर माझी तक्रार आहे. हे दुसऱ्या दिवशी थोडा वेळ शुद्धीवर आले. मी हात धरला होता. म्हणाले, "थोरली?" मी म्हणाले, "बरी आहे." मग त्यांनी डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत.

एवढे लिहून मी चहा करायला उठले होते. आता पुढे.

मंडळाने नंतर पाटी लावली: 'कलेसाठी प्राण वेचले.' ह्यांनी वेचले नाहीत. त्यांचे गेले. वेचायला आधी हिशेब लागतो, तो त्या क्षणी कोणी केला नव्हता, सवयीने केले. मंडळाला आपल्या दालनात ठेवायला थोरलीही हवी आहे. ती मिळणार नाही. कोट घेऊन जावा. एक बटण तुटले होते, ते लावले आहे. आतल्या खिशाला चिंधी शिवून त्यावर धाग्याने लिहिले आहे की पुढच्या वेळी कोणी पडल्यास कोट आधी माणसावर घालावा. माझ्यामागे चिटणीसांनी माझ्याविषयी भाषण करू नये. केल्यास सोफ्यावर बसलेल्यांनी टाळ्या वाजवू नयेत.

कलम ६. ह्यांची विद्या. ती मुलीला आधीच मिळालेली आहे, तरी कागदावर असावी. लेन्सच्या तोंडाला छज्जा कायम लावलेला ठेवावा; तो ऊन अडवतो असे पुस्तकात आहे, पण कोपर आणि हॉकीची काठीही अडवतो, हे मैदानात कळते. साधी काच खेळ बघून लावावी, उगाच नाही, समोर दिवे असतील तर तिच्यामुळे फोटोत उजेडाची भुते उमटतात. काचेवर सुकलेला चिखल कधी पुसू नये. आधी रबरी पंपाने फुंकर, मग कुंचला, मग फडका, आणि तोंडाने फुंकर मारणाऱ्याने आपली थुंकी स्वतः साफ करावी. फडका दुसऱ्या कशाला वापरू नये. मी एकदा त्याने चष्मा पुसला, तर हे जेवले नाहीत.

आणि शेवटचा नियम. तो ह्यांनी मुलीला पोहायला शिकवावे तसा शिकवला. अंगणात तिच्या हातात रिकामा डबा द्यायचे, लेन्स समज म्हणायचे, आणि कापडी चेंडू मारायचे. "लेन्स पोटाशी, पाठ खेळाकडे!" ती गर्रकन वळायची. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसायचे. किती चपळ पोर, असे वाटायचे.

ह्यांचे वरील सर्व नियम कायम आहेत. हा शेवटचा मी रद्द करत आहे. त्यांची बायको या नात्याने मला तो अधिकार नसेल, तर तिची आई या नात्याने आहे.

कलम ७. थोरली.

तोंडी सांगून पाहिले. मुलगी "हो आई" म्हणाली. हेसुद्धा "हो" म्हणायचे. थोरली मुलाला द्यावी, म्हणजे ती कपाटात आणि मुलगी धोक्याबाहेर, असाही विचार केला. पण मुलगी काही काम सोडणार नाही. ती दुसऱ्या कोणाची तरी लेन्स मागून आणेल, आणि मागून आणलेली वस्तू माणूस जास्तच जपतो. नवी घेतली तर त्याहून जास्त. म्हणजे प्रश्न लेन्स कोणाची हा नाही. तिच्यावर एकही ओरखडा नाही, हा आहे. जोवर ती अशी कोरी आहे, तोवर माझी मुलगी तिला कोरी ठेवायला वळत राहील.

म्हणून आज दुपारी, दोन्ही साक्षीदार जेवणाच्या टेबलाशी बसलेले असताना, मी थोरलीला बाहेर काढले, तोंडावरची साधी काच फिरवून काढली, आणि साक्षीदार क्रमांक एक यांना त्यांची काच कापायची, पेनासारखी हिरकणी मागितली. ते आमचे शेजारी, धंद्याने काचवाले. खिडक्यांच्या काचा कापतात. त्यांना वाटले सही करायला मागते आहे.

"कशाला वहिनी?"

"हिच्या तोंडावर एक रेघ मारायची आहे. तुम्हीच मारा, तुमचा हात सरळ."

ते खुर्ची मागे सारून उभेच राहिले. "छे, छे! जन्मभर काचा कापल्या, पण ही नाही. माझा हात धजत नाही."

साक्षीदार क्रमांक दोन, वाचनालयाच्या बाई, हळूच म्हणाल्या, "ताई, डॉक्टरांच्या दाखल्यावर तारीख कधीची आहे?"

"कालची. अजून ताजा आहे."

मग मीच मारली. काच कुरकुरली, अगदी बारीक. मला वाटले होते बरे वाटेल. तसे काही वाटले नाही. ह्यांनी इतकी वर्षे जिला श्वाससुद्धा लागू दिला नाही, तिच्यावर माझ्या हाताने नखाएवढी पांढरी रेघ उठली आणि मी हिरकणी ठेवून खुर्चीत बसले. काचवाल्यांनी मला पाणी दिले.

तेवढ्यात मुलगी संघाच्या सरावाचे फोटो काढून आली. टेबलाकडे पाहिले. लेन्स उचलून उजेडात धरली. तिचा चेहरा मी लिहीत नाही.

"कोणी केलं?"

"मी."

"आई, तुला कळतंय का काय केलंस तू? बाबांनी..." तिने पिशवीतून कॅमेरा काढला, थोरली त्याला लावली, खिडकीपाशी गेली आणि रागारागाने आमचे फोटो काढत सुटली. मी, काचवाले, बाई, टेबल, पाण्याचा पेला. मग मागच्या पडद्यावर एकेक फोटो मोठा करून बघू लागली. बराच वेळ बघत राहिली.

"दिसत नाही," ती म्हणाली.

"काय दिसत नाही?"

"ओरखडा. कशातच दिसत नाही. समोरून उजेड आला तर थोडं धुरकट येईल, बस." ती खाली बसली. "अगं, हे बाबांना माहीत होतं का?"

"त्यांनी कधी पाडून बघितला नाही."

बाई उठून खिडकीबाहेर बघायला लागल्या. मुलगी पुष्कळ रडली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा ती दचकली, कारण डाग अजून दुखतो.

तर, ही लेन्स मी माझ्या मुलीला देत आहे. वापर आजपासून, मालकी माझ्यामागे. अट एकच. काही अंगावर आले तर तिने लेन्स सोडून आडवे पडावे, आणि पडायला वेळ नसेल तर लेन्स तोंडासमोर धरावी. तिने वाचवलेच तर स्वतःला वाचवावे. लेन्स फुटल्यास ही देणगी पूर्णपणे पोहोचली असे समजावे, आणि तुकडे कोणीही जपून ठेवू नयेत.

सही करण्याआधी मी हे कलम तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "बाबा असते तर भांडले असते."

"भांडू देत की. असते तर हवेच होते."

त्यावर ती उठली, गळ्यातला कॅमेरा काढून लेन्सचे तोंड उघडेच ठेवून टेबलावर, पेल्याच्या ओल्या वर्तुळात, आडवा टाकला आणि पाणी प्यायला आत गेली. आमच्या घरात असे आजवर कोणी केले नव्हते. आम्ही तिघेही कॅमेऱ्याकडे बघत बसलो, आणि कोणीही तो उचलून पुसला नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि मला समजला.

ठिकाण: माझ्या घरचे जेवणाचे टेबल.

तारीख: डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

लिहून ठेवणारी: सही. (डावीकडे हलली आहे, पण माझीच आहे.)

साक्षीदार क्रमांक एक, काचवाले शेजारी: सही. "लेखिकेने माझ्यासमोर सही केली. ओरखडाही माझ्यासमोर पाडला. हिरकणी माझी, हात त्यांचा."

साक्षीदार क्रमांक दोन, वाचनालयाच्या बाई: सही. "डोके ठिकाणावर असल्याबद्दल दुपारी मला शंका होती. ती मी मागे घेत आहे."

मुलीची सही घेतलेली नाही, कारण ती लाभार्थी आहे. तिने त्या लेन्समधून काढलेला फोटो या कागदाला टाचला आहे. त्यात मी बरी दिसते.